महाविद्यालयीन ग्रंथालयातील दुर्मिळ पुस्तके आणि जुनी कागदपत्रे : मराठवाड्यात पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन ‘तुमच्याकडे जुनी पुस्तके किंवा दप्तर आहे का’ असे विचारले, तर बहुधा ‘नाही’ असे उत्तर मिळते. उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. संगणकातील सूचीत ते साहित्य नसते आणि बदलून आलेल्या नव्या ग्रंथपालांनी मागच्या खोलीतले ते कपाट कधी उघडलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो. निजामी राजवटीतील मराठी शाळा या विषयावर काम करताना मी चार वर्षे अशा सात-आठ ग्रंथालयांत बसलो आणि त्यातला बराच काळ चुकीच्या नावाने, चुकीच्या सनाने आणि चुकीच्या कपाटात शोधण्यात घालवला. इतिहास, मराठी किंवा उर्दूच्या ज्या विद्यार्थ्यांना आता हे काम सुरू करायचे आहे, त्यांचे निदान पहिले सहा महिने वाचावेत म्हणून हे टिपण क्रमाने लिहिले आहे.

१. हे साहित्य तेथे कसे आले, ते आधी समजून घ्या

हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि त्याचे शिक्षण उर्दूतून होते. मराठवाड्यातील बहुतेक महाविद्यालये मात्र सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेले महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज ही दोन्ही १९५० सालची, तर मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालचे. म्हणजे तुम्ही ज्या इमारतीत जाणार, ती तुम्ही शोधत असलेल्या पुस्तकापेक्षा वयाने लहान असते.

या साध्या गोष्टीतून कामाची मुख्य दिशा ठरते. महाविद्यालयाने ही जुनी पुस्तके विकत घेतलेली नसतात. ती वकिलांच्या घरांतून, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून, बंद पडलेल्या वाचनालयांतून आणि जुन्या शाळांतून देणगी म्हणून आलेली असतात. त्यामुळे विषयानुसार शोधण्यापेक्षा देणाऱ्याच्या नावावरून शोधणे येथे अधिक फलदायी ठरते. एकाच घरातून आलेल्या गठ्ठ्यात मोडी कागद, पोथ्या, उर्दू शिळाछाप पुस्तके, सरकारी राजपत्राचे अंक आणि पुण्या-मुंबईत छापलेली मराठी पुस्तके एकत्र सापडतात. ते एकत्र असणे हाच त्या घराच्या वाचनाचा आणि व्यवहाराचा पुरावा असतो.

‘दुर्मिळ’ या शब्दाचीही थोडी फोड करून घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले की ते पुरावस्तूच्या व्याख्येत येते. छापील पुस्तकांना अशी एकच सीमारेषा नाही, प्रत्येक ग्रंथालय आपापला नियम करते. माझ्या मते या भागात सालापेक्षा छपाईच्या ठिकाणाकडे जास्त लक्ष द्यावे. १८९० साली पुण्यात छापलेल्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी मिळतात. परभणी किंवा लातूरच्या एखाद्या लहान छापखान्यात १९६० साली निघालेली स्मरणिका मात्र कदाचित त्या एकाच कपाटात उरलेली असते. एखादे मराठी पुस्तक खरोखर किती जुने आहे, हे ताडून पाहायचे असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांचा आहे.

२. शोधायच्या प्रत्येक गोष्टीची सगळी नावे लिहून काढा

नवख्या अभ्यासकाचा सर्वांत जास्त वेळ येथे वाया जातो, म्हणून या पायरीवर थोडा रेंगाळतो.

मराठवाड्यातील गावांची, जिल्ह्यांची आणि हुद्द्यांची नावे राजवटीबरोबर बदलत गेली आहेत. अंबाजोगाईचे कागद ‘मोमिनाबाद’ या नावाखाली असतात. धाराशिवचे कागद ‘उस्मानाबाद’ या नावाखाली आणि त्याआधीच्या काळातले ‘नळदुर्ग’ जिल्ह्याखाली मिळतात. बीडचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या अहवालांत ‘भीर’ असे वाचावे लागते आणि नांदेडचे ‘नांदेर’. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे उदगीरच्या शाळेचा १९३० च्या सुमाराचा अहवाल लातूरच्या नावाने शोधला तर कधीच सापडणार नाही, कारण लातूर जिल्हाच मुळी १९८२ चा आहे. जालना १९८१ चा आणि हिंगोली १९९९ चा. आजचा नकाशा मनात ठेवून जुनी सूची चाळू नये.

हुद्द्यांचेही तसेच आहे. निजामी कागदांतील ‘अव्वल तालुकदार’ म्हणजे तालुक्याचा अधिकारी नव्हे, तर आजच्या जिल्हाधिकाऱ्याच्या जागी असलेला माणूस. ‘गश्ती’ म्हणजे परिपत्रक. सभांवर निर्बंध घालणारी प्रसिद्ध ‘गश्ती निशान ५३’ याच अर्थाने वाचायची असते. ‘जरीदा’ म्हणजे सरकारी राजपत्र आणि ‘मुंतखब’ म्हणजे इनामाची चौकशी पूर्ण झाल्यावर मिळालेले हक्कपत्र. सूचीत कोणीतरी ‘मुंतखब, १ नग’ असे लिहून ठेवलेले असते आणि शब्द माहीत नसल्यामुळे अभ्यासक पान उलटतो.

नियतकालिकांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आहे. संस्थानात वृत्तपत्रांवर बंदी येत असे आणि बंदी आली की तेच पत्र वेगळ्या नावाने काढले जाई. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली पुण्याहून सुरू केलेले ‘मराठवाडा’ हे पत्र याचे ठळक उदाहरण आहे. म्हणून एखाद्या पत्राची फाईल मध्येच तुटलेली दिसली, तर अंक हरवले असे लगेच धरून न चालता त्याच गठ्ठ्यातील अनोळखी नावाच्या अंकांवर संपादकाचे नाव कोणाचे आहे, ते पाहावे.

घरून निघण्यापूर्वी एका कागदावर चार रकाने आखावेत : आजचे नाव, निजामी काळातील नाव, इंग्रजी अहवालातील स्पेलिंग आणि उर्दू लिपीतील रूप. उर्दू येत नसेल तर जाणकाराकडून तेवढे चार-पाच शब्द लिहून घ्यावेत. त्यांचा आकार डोळ्यांत बसला की कव्हरावरील मजकूर निदान ओळखता तरी येतो.

३. कागदपत्रे आणि साधने जमवा

मी पहिल्यांदा एका महाविद्यालयात पत्र न घेता गेलो होतो. प्राचार्य परगावी होते, ग्रंथपाल त्यांच्या सहीशिवाय कपाट उघडायला तयार नव्हते, आणि त्यांचे ते वागणे योग्यच होते. दुपारच्या एसटीने नव्वद किलोमीटर परत आलो. तेव्हापासून पुढील कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये कायम तयार ठेवतो :

– मार्गदर्शकांचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र. ते प्राचार्यांच्या नावे असावे आणि त्याची प्रत ग्रंथपालांना असावी. पत्रात विषय, काळ आणि किती दिवस बसायचे आहे, हे स्पष्ट लिहावे. ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढ्याच मजकुराच्या पत्रावर कोणी निर्णय घेत नाही.
– विद्यापीठाच्या नोंदणीपत्राची आणि ओळखपत्राची प्रत, आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे.
– विषयाचा एक पानी आराखडा, मराठीत. ग्रंथपालांनी तो वाचला की अनेकदा तेच एखादे विसरलेले कपाट आठवून सांगतात.
– साहित्य जपून हाताळण्याची आणि छायाचित्रे परवानगीशिवाय प्रसिद्ध न करण्याची लेखी हमी, साध्या कागदावर, सही करून.

साधनांत दोन शिसपेन्सिली, वही, भिंग, मोजपट्टी, नाकावरचा चांगला मास्क, धुतलेले सुती कापड, खुणेसाठी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, मोबाईल आणि पॉवर बँक एवढे पुरे. शाईचा किंवा बॉलपेन हा प्रकार पिशवीतून बाहेरच काढू नये. सन जुळवण्यासाठी एक जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखांचे कोष्टक, बरोबर असावी, तिच्याविषयी पुढे येईलच.

जाण्याचा काळही विचारून ठरवावा. परीक्षांचे महिने, जून-जुलैमधील प्रवेशाची गर्दी आणि ग्रंथगणनेचे दिवस टाळावेत. पावसाळ्यात सादळलेले जुने गठ्ठे उघडण्याचा आग्रह धरू नये. हिवाळा सर्वांत सोयीचा.

४. संगणकावर थांबू नका, दाखल नोंदवही मागा

हे एक वाक्य लक्षात राहिले तरी या लेखाचे काम झाले. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ज्या मोठ्या वहीत त्याची नोंद होते, ती दाखल नोंदवही, म्हणजेच ॲक्सेशन रजिस्टर, हीच जुन्या संग्रहाची खरी सूची असते. संगणकीकरण करताना फाटकी, परभाषेतील किंवा शीर्षकपान नसलेली पुस्तके बाजूला राहतात. वहीत मात्र ती असतात, कारण पहिल्या काळात कोणीतरी प्रामाणिकपणे प्रत्येक नग मोजून लिहिलेला असतो.

पहिल्या चार-पाच वह्या शांतपणे चाळाव्यात. त्यांत किंमतीच्या रकान्यात ‘भेट’ किंवा ‘देणगी’ असे लागोपाठ लिहिलेले जेथे दिसेल, तेथे थांबावे. तो एखाद्या घराचा संग्रह असतो. देणाऱ्याचे नाव, तारीख आणि क्रमांकांची सुरुवात व शेवट टिपून घ्यावा. मग ते सलग क्रमांक कपाटात शोधावेत. शाई फिकी झालेल्या नोंदींसाठी भिंग लागते.

उर्दू आणि फारसी पुस्तकांच्या नोंदी अनेकदा ‘उर्दू पुस्तक, १ प्रत’ इतक्याच असतात, कारण नोंद करणाऱ्याला लिपी वाचता येत नव्हती. ही पुस्तके उजवीकडून उघडतात, म्हणून काही ठिकाणी शिक्के आणि चिठ्ठ्या शेवटच्या पानावर लागलेल्या असतात आणि पुस्तके कपाटात उलटी उभी असतात. शीर्षकपान नाही असे वाटले, तर पुस्तक दुसऱ्या बाजूने उघडून पाहावे. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण मी स्वतः एकदा अर्धा तास शीर्षकपान शोधत बसलो होतो.

वहीत ‘निर्लेखित’ असा शेरा दिसला, तर तेवढ्यावर आशा सोडू नये. रद्दीत काढायचे ठरलेले गठ्ठे पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात जिन्याखाली किंवा क्रीडा विभागाच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून असतात. याच्या उलट प्रकारही आढळतो. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, समितीला दुर्मिळ ग्रंथ दाखवायचे असतात, म्हणून चांगल्या बांधणीची काही पुस्तके निवडून काचेच्या कपाटात मांडली जातात. ते कपाट पाहण्यासारखे असते, परंतु त्यासाठी गठ्ठ्याचा मूळ क्रम मोडलेला असतो आणि तुम्हाला हवे असलेले कळकट दप्तर त्यात कधीच नसते.

शिपाई किंवा ग्रंथालय परिचर यांच्याशी जरूर बोलावे. पंचवीस-तीस वर्षे त्याच इमारतीत काढलेल्या माणसाला कोणता रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, कोणत्या मांडणीवरून कोठे गेला, हे कोणत्याही सूचीपेक्षा नेमके ठाऊक असते.

५. हाताळताना काय करावे, काय टाळावे

जुना कागद जितका जुना तितका नाजूक, असा समज असतो. तो येथे बऱ्याचदा उलटा ठरतो. हातकागदावरील अठराव्या शतकातील पत्र अजून लवचीक असते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला आहे. त्याउलट १९४० च्या आसपासच्या वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असल्याने बोटाच्या टोकाला चुरा होतो. तेव्हा काळजीचा क्रम सालावरून नव्हे, तर कागद पाहून ठरवावा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कागदासाठी हातमोज्यांची गरज नसते, मोज्यांमुळे स्पर्श कळत नाही आणि कडा फाटतात. छायाचित्रांसाठी मात्र ते वापरावेत. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय घरीच सोडून यावी. पुस्तक पूर्ण सपाट न उघडता दोन्ही बाजूंना घडी केलेले कापड किंवा उशी ठेवून अर्धवट उघडावे. पोथीची पाने सुटी असतात, ती एका वेळी एक, दोन्ही हातांनी उचलावीत आणि पालथी घालून डावीकडे क्रमाने ठेवावीत.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरेच खातो. दुरुस्ती हे जपानी टिश्यू कागद आणि खळीने काम करणाऱ्या जाणकाराचे क्षेत्र आहे. दुसरे, कसर किंवा वाळवी दिसली तर स्वतः झटकू नये, ग्रंथपालांना सांगून तो गठ्ठा वेगळा ठेवायला लावावा. जुन्या कपाटांत पांढरी पूड दिसली, तर ती पूर्वी टाकलेली कीटकनाशक पूड असू शकते. अशा वेळी मास्क काढू नये, त्या हातांनी काही खाऊ नये आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी.

६. सन ओळखा, मगच मजकूर वाचा

माझी सर्वांत मोठी चूक या पायरीवर झाली. एका शाळेच्या पत्रव्यवहारावर १३२० हा आकडा होता. मी तो हिजरी समजलो आणि १९०२ साल धरून पूर्ण प्रकरण लिहिले. तो फसली सन होता, म्हणजे १९१०-११. आठ वर्षांच्या फरकाने माझा कार्यकारणभाव उलटा झाला आणि चाळीस पाने फाडावी लागली. एकाच टेबलावर पाच-सहा कालगणना असतात, हे गृहीत धरूनच बसावे.

शके : त्यात ७८ मिळवावेत, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. पोथीच्या शेवटी बहुधा संवत्सराचे नावही दिलेले असते आणि ते फार उपयोगी पडते. संवत्सरे साठ आहेत आणि क्रमाने फिरतात. शके १८२० असे वाचले आणि पुढे ‘विलंबी’ लिहिलेले असेल, तर वाचन बरोबर आहे. वेगळे नाव निघाले तर एखादा अंक तुम्ही चुकीचा वाचला आहे.

फसली : निजामी सरकारी कागदांचा हा नेहमीचा सन. त्यात ५९० मिळवावेत. उत्तरकाळात हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘आजूर’ महिन्याने सुरू होत असे, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१ मिळवावे लागतात. महिन्यांचा क्रम असा : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. पडताळ्यासाठी एक ओळखीची तारीख लक्षात ठेवावी. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई फसली १३५७ च्या आबान महिन्यात झाली. जुन्या मराठी कागदांतील फसली मात्र मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, धरला जातो.

हिजरी : हे चांद्र वर्ष आहे, म्हणून ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, जंत्री लागते. धार्मिक ग्रंथ, मशिदी-दर्ग्यांचे कागद आणि मोहरा यांवर तो असतो. आकड्यापुढे किंवा मागे उर्दूत ‘फे’ असेल तर फसली आणि ‘हे’ असेल तर हिजरी, एवढी दोन अक्षरे ओळखायला शिकलो असतो, तर माझी चाळीस पाने वाचली असती.

सुहूर : मराठेशाहीच्या मोडी कागदांत ‘सु॥’ या खुणेपुढे अरबी शब्दांत लिहिलेला सन. त्यात ५९९ मिळवावेत आणि जानेवारी ते मृग या काळासाठी ६००. ‘सन सितैन मया व अलफ’ म्हणजे साठ, शंभर आणि हजार मिळून ११६०, अर्थात १७५९-६०. याच कागदांत तारखेआधी ‘छ’ असे अक्षर असते. ते चंद्राचे, म्हणजे चांद्र महिन्याच्या दिवसाचे चिन्ह आहे. ‘छ ७ जिल्हेज’ असे लिहिलेले असेल तर महिना हिजरी आणि वर्ष सुहूर असते. नवा माणूस हे दोन्ही हिजरी धरतो आणि फसतो.

वहीत नेहमी मूळ सन जसा आहे तसा लिहावा आणि इसवी सन त्यापुढे कंसात. फक्त इसवी सन लिहून ठेवला, तर झालेली चूक पुढे कधीच उलगडत नाही.

७. लिपीची तयारी किती लागेल, याचा प्रामाणिक अंदाज घ्या

मोडी वाचायला पंधरा दिवसांत येते, असे सांगणारे भेटतील. अक्षरे तेवढ्यात येतात, हे खरे आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे आणि काही संशोधन संस्थांतर्फे मोडीचे वर्ग भरतात, ते जरूर करावेत. परंतु एका हाताचे पत्र वाचता आले म्हणजे दुसऱ्या हाताचे येईलच, असे नाही. मोडीत आधी रेघ आखून तिला अक्षरे लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘दिन’ की ‘दीन’, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. उपाय एकच आहे. पत्रांचे ठरीव मायने आधी पाठ करावेत. ‘रा. रा.’, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘बहुत काय लिहिणे’ हे ठोकळे ओळखता आले की त्या लेखकाच्या हाताची वळणे कळतात आणि मग मधला मजकूर सुटू लागतो.

महानुभावांच्या पोथ्या समोर आल्या तर एक सूचना. अक्षरे देवनागरीसारखी दिसतात, पण अर्थ मुळीच लागत नाही, असे झाले तर पोथी भ्रष्ट आहे असे समजू नये. ती ‘सकळ’ किंवा तत्सम सांकेतिक लिपीत असू शकते. अक्षरांची अदलाबदल करून लिहिण्याची ती पद्धत आहे आणि तिची किल्ली जाणकारांकडून मिळते.

उर्दूसाठी भाषांतरावर पूर्ण विसंबू नये. शहरातील एखाद्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडे आठवड्यातून दोनदा बसलो, तर तीन महिन्यांत छापील उर्दू हळूहळू वाचता येऊ लागली. शिकस्त, म्हणजे घाईने लिहिलेले मोडके, हस्ताक्षर मला आजही वाचता येत नाही, त्यासाठी जाणकाराचे नाव घेऊन आभार मानतो.

८. नोंदी आणि छायाचित्रे

प्रत्येक रुमालाचे पहिले छायाचित्र एका चिठ्ठीचे घ्यावे. चिठ्ठीवर महाविद्यालय, संग्रह, रुमाल क्रमांक आणि तारीख लिहावी. मी सुरुवातीला हे केले नाही आणि मोबाईलमध्ये सातशे अनाथ छायाचित्रे साठली. प्रत्येक पानाजवळ मोजपट्टी ठेवावी, फ्लॅश बंद ठेवावा, कोऱ्या पाठीचेही छायाचित्र घ्यावे. पाठीवर पोहोचल्याचा शेरा, मोहर किंवा नंतरच्या कोणाचा हिशेब असतो. कागदांना क्रमांक नसतील, तर स्वतः त्यांवर घालू नयेत. ग्रंथपालांना विचारून, त्यांच्यासमोर, कोपऱ्यात पेन्सिलीने घालून घ्यावेत.

रुमालातील क्रम विचित्र वाटला, तरी बदलू नये. एका गठ्ठ्यात शेताच्या पावत्यांमध्ये मला शाळेच्या शिक्षकाचे पगारपत्रक सापडले. तो शिक्षक त्याच घराचा कारकून होता, हे केवळ त्या शेजारामुळे कळले.

९. हक्क आणि प्रमाणित प्रती

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या ग्रंथावर स्वामित्वहक्क राहतो. १९५० साली वारलेल्या लेखकाचे पुस्तक २०१० अखेर मुक्त झाले. अप्रकाशित पत्रे आणि रोजनिश्या छापायच्या असतील, तर घराण्यातील वारसांची आणि महाविद्यालयाची लेखी संमती घ्यावी. कायदा काय म्हणतो यापेक्षा पुढच्या अभ्यासकासाठी ते दार उघडे राहणे मला महत्त्वाचे वाटते.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदी शोधणारे अनेकजण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ग्रंथालयातील कागदाचे छायाचित्र हा शोधाचा धागा आहे, प्रमाणित प्रत नव्हे. ती महसुली नोंदी ठेवणाऱ्या तहसील किंवा जिल्हा कार्यालयाच्या अभिलेख कक्षातूनच मिळते. दुसरी, ‘गॅझेट’, म्हणजे सरकारी राजपत्र, आणि ‘गॅझेटियर’ यांत गोंधळ करू नये. १८८४ चे औरंगाबाद जिल्ह्याचे किंवा १९०९ चे हैदराबाद संस्थानाचे गॅझेटियर हे प्रदेशाचे वर्णन करणारे ग्रंथ आहेत. त्यांत जातींची वर्णने आणि संख्या मिळतील, तुमच्या पणजोबांचे नाव मिळणार नाही.

१०. येथे नसेल तर पुढे कोठे

छत्रपती संभाजीनगर येथे राज्याचे पुरालेखागार आहे, पहिला फेरा तेथे. संस्थानाच्या मध्यवर्ती खात्यांचे दप्तर हैदराबादला तारनाक्यावरील राज्य अभिलेखागारात आहे आणि शाहजहान-औरंगजेबकालीन दख्खनचे मोगल कागदही तेथेच आहेत. मराठेशाहीच्या मोडी कागदांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर, तसेच १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत कापडावर लिहिली गेली, हे आठवून देवस्थाने आणि मठ यांनाही यादीत धरावे. तेथे पत्रापेक्षा ओळख आणि सोवळ्या-ओवळ्याचे नियम जास्त कामी येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो, परंतु तेथेही दुसऱ्या पायरीतील इंग्रजी स्पेलिंगांचा रकाना हाताशी हवा.

११. निघताना

दिवसाच्या शेवटी निदान वीस मिनिटे हातात ठेवावीत. पाने मोजून सकाळच्या आकड्याशी जुळवावीत, खुणेच्या पट्ट्या काढाव्यात आणि नोंदवहीत वेळ लिहून सही करावी. तुम्ही केलेल्या यादीची एक स्वच्छ प्रत, चुकीच्या वाटणाऱ्या नोंदींसह, ग्रंथपालांच्या हाती द्यावी. त्यातील उर्दू पुस्तकांची नावे देवनागरीत लिहिलेली असतील तर ती दाखल नोंदवहीतील त्या ‘१ प्रत’ पुढे पेन्सिलीने उतरवून घेतली जातात. रुमाल बांधताना चारही टोके आत दुमडून वर सरकगाठ द्यावी. निरगाठ दिली तर पुढचा माणूस ती कात्रीने सोडवतो आणि कात्रीचे टोक पहिल्या कागदात जाते.